मामाचा मध्य

त्या यंत्राला रोज सकाळी सगळं नव्याने सांगावं लागे.

वैमानिक घडवणाऱ्या त्या शाळेच्या एका टोकाला, पूर्वी जिथे जुने टायर रचून ठेवत त्या खोलीत, एका निकामी विमानाचं नाक कापून आणून बसवलेलं होतं. नाकापुढे तीन पडदे. पडद्यांवर धावपट्टी, आकाश आणि संगणकाच्या मनाला येतील तेवढे ढग. आत दोन खुर्च्या, हाताशी स्टिअरिंग आणि पायाशी दोन पेडलं. पेडल दाबलं की विमानाचं नाक त्या बाजूला वळे. मुलं खऱ्या विमानात बसण्याआधी या सिम्युलेटरमध्ये बसत, कारण इथलं विमान पडलं तर कुणाच्या घरी कळवावं लागत नसे.

यंत्राचा दोष एवढाच, की ते बंद करून पुन्हा सुरू केलं की स्टिअरिंग आणि पेडलं आपला मध्य विसरून जात. हात सरळ असला तरी पडद्यावरचं विमान कलंडे, आणि पाय लावले नाहीत तरी ते धावपट्टीवर चष्मा हरवलेल्या माणसासारखं स्वतःभोवती फिरत बसे.

हे यंत्र सांभाळणाऱ्या माणसाला सगळी शाळा मामा म्हणे. त्याची सख्खी भाची तिथे शिकत होती. ती मामा म्हणे म्हणून तिची बॅच म्हणू लागली, बॅचचं ऐकून शिक्षक, आणि शेवटी शाळेचे प्रमुख असलेले निवृत्त कॅप्टनसुद्धा. कॅप्टन वयाने मामापेक्षा चांगले मोठे होते, पण एकदा सगळ्यांनी ठरवल्यावर नात्यात वय कोण बघतो.

मामाने यंत्र विकणाऱ्या कंपनीला फोन केले होते. तिकडे एक बाई असत, आवाजाने फार समंजस. त्या म्हणत, सर, एकदा बंद करून सुरू करून बघा. मामा म्हणे, बाई, बंद करून सुरू केल्यावरच तर ते विसरतं, तीच तक्रार आहे. बाई म्हणत, समजलं सर, तरी एकदा करून बघा, मी लाइनवर आहे. मामाने केबल बदलली, केबलची जागा बदलली, संगणकाची झोप काढून टाकली, प्रोग्राम नवा घातला, मग जुना घातला. प्रत्येक वेळी स्विच ओढून यंत्र बंद करून सुरू केलं आणि प्रत्येक वेळी ते इमानेइतबारे विसरलं.

तेव्हा मामाने त्याचं नित्यकर्म करून टाकलं. सकाळी शाळेत आला की आधी खुर्चीत बसायचं. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, पेडलं पूर्ण पुढे, पूर्ण मागे दाबायची. मग सगळं सैल सोडून, पाय पेडलांवर नुसते टेकवून, पडद्यावरचं 'मध्य' नावाचं बटण दाबायचं. त्या क्षणी पेडलं जिथे असतील तो दिवसभराचा मध्य. हे झालं की मामा उजवी मांडी दोन्ही हातांनी उचलून बाहेर पडे. विमानं ठेवायच्या हँगरच्या शिडीवरून पडल्यापासून त्याचा तो गुडघा धड वाकत नसे.

यंत्राची गोम त्याला सापडली ती योगायोगाने. पडदे पुसायचे म्हणून त्याने एका दुपारी प्रोग्राम रीतसर बंद केला, पडदे पुसले, संगणक पुन्हा सुरू केला, आणि पेडलांना सगळं आठवत होतं. मामाची ट्यूब पेटली. तो प्रोग्राम आपली आवराआवर बंद होताना करत असे; सगळं नीट लिहून ठेवी आणि मग मिटे. पण कॅप्टननी वीज वाचवण्याचं परिपत्रक काढल्यापासून शाळा सुटली की चौकीदार थेट मेन स्विच खाली ओढत असे. बिचाऱ्या यंत्राला दोन वर्षांत कुणी नीट निजू दिलं नव्हतं.

आता बसवलेला मध्य कायमचा राहणार होता. म्हणून मामाने तो मन लावून बसवला. खुर्ची सरकवली, खाली उताणा पडला, मरगळलेल्या स्प्रिंग बदलल्या, फूटपट्टी धरून दोन्ही पेडलं समोरासमोर आणली, आणि कीबोर्ड जमिनीवर ओढून, पेडलांना पाय न लावता बटण दाबलं. संध्याकाळी स्वतःच्या हाताने प्रोग्राम बंद करून मगच त्याने चौकीदाराला स्विचपाशी जाऊ दिलं. रात्री जेवताना ताईला, म्हणजे भाचीच्या आईला, ते दोनदा सांगितलं. मेहुणे गेल्यापासून मामा ताईकडेच राहत असे. ताईने दोन्ही वेळा 'बरं झालं' म्हटलं. यंत्राचं काय झालं हे तिला दोन्ही वेळा कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिला मुलगा यंत्रात बसला. उड्डाण ठीक झालं. उतरताना विमानाची चाकं टेकली आणि नाक हळूच उजवीकडे वळून विमान गवतात शिरलं. दुसरा बसला, तोही गवतात. तिसरी मुलगी वर्गातली हुशार. ती जरा ऐटीत गवतात गेली. दुपारपर्यंत धावपट्टीच्या उजव्या बाजूचं गवत सगळ्या बॅचने तुडवून झालं होतं आणि मामाने यंत्राची वाट लावली हे शाळेत सर्वांना माहीत झालं होतं.

शेवटी भाची बसली. मामा तिच्या खुर्चीपाशी वाकला, टॉर्च घेऊन पेडलांकडे बघू लागला. पेडलांत काही नव्हतं. मग त्याची नजर तिच्या बुटांवर गेली. डावा पाय मागे, उजवा थोडा पुढे, टाच जराशी उचललेली. विमान सरळ चाललं आहे असं समजून ती निवांत बसली होती, आणि तिचा पाय अगदी निवांतपणे उजवं पेडल दाबत होता.

पोरगी मामावर गेली, असं ती पाळण्यात असल्यापासून घरात म्हणत. नाक मामाचं, हट्ट मामाचा. हे मात्र जन्माने आलेलं नव्हतं. मामाचा पाय वाकत नसे, म्हणून तो टेकवला की उजवं पेडल जरा पुढे जाई, आणि त्यालाच तो रोज सकाळी मध्य म्हणून यंत्राला सांगत आला होता. दोन वर्षं सगळी शाळा त्याच्या गुडघ्यावर विमान चालवायला शिकत होती. भाची गवतात शिरली तेव्हा मामा तसाच वाकलेला होता.

त्याने कॅप्टनना जाऊन सांगितलं. कॅप्टननी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, आधी मुलं सरळ जात होती की नाही? जात होती. आता जातात? नाही. मग बिघडवलं कुणी? पूर्वीसारखं करून ठेवा. मामा म्हणाला, सर, पूर्वीसारखं म्हणजे माझा गुडघा. कॅप्टन म्हणाले, मग बॅच बाहेर पडेपर्यंत गुडघ्याला सुट्टी देऊ नका. मुलांनी यंत्रावर घालवलेले सगळे तास रद्द करायचे तर शाळेची अब्रू जाईल, आणि खऱ्या विमानात शिकवणाऱ्या मॅडम असतातच की शेजारी.

मॅडम शेजारी असतात, हे खरंच होतं. फक्त दुसऱ्या दिवशी त्या भाचीच्या शेजारी असणार नव्हत्या. उद्या भाची पहिल्यांदा एकटी विमान घेऊन जाणार होती.

संध्याकाळी ताई शेजारी गेलेली बघून मामाने भाचीला स्वयंपाकघरात गाठलं. ती भांडी पुसत होती. त्याने सगळं सांगितलं. ती पुसतच राहिली.

"बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली. "उद्या पाय मागे ठेवीन."

"तुला कळून काय उपयोग? पायाला कळायला हवं."

"म्हणजे तू मॅडमना सांगणार."

तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"एकटीने उडण्यापासून मला दोनदा थांबवलंय, मामा. दोन्ही वेळा उतरताना. तिसऱ्यांदा थांबवलं की खालच्या बॅचमध्ये ढकलतात, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. आईला तू सांगशील ते?"

"पडलीस तर आईला काय सांगू?"

"गवतात जाईन फार तर. तिथे गवतच आहे." मग आवाज उतरवून म्हणाली, "नको ना सांगूस. या एकदाच."

"बघतो," मामा म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. लहानपणी सायकल मागितली, सहलीला जायचं म्हणाली, कुत्रा आणूया म्हणाली, तेव्हा तेव्हा मामा 'बघतो' म्हणाला होता. ना सायकल आली होती, ना कुत्रा.

सकाळी मॅडम विमानाच्या पंखाखाली उभ्या राहून पेट्रोल तपासत होत्या. मामाने तिथेच सांगून टाकलं. मॅडमनी नळी हातात तशीच धरली. या बॅचचं उड्डाण देखणं असे. पुढचा पंखा जोरात फिरत असला की हे विमान डावीकडे ओढतं आणि उजवा पाय थोडा दाबावाच लागतो. उतरताना पंखा मंदावतो आणि तोच पाय नडतो. तो वेळेवर न काढण्याला मॅडम या पिढीचा आळस म्हणत. मागे त्यांनी या विषयावर मुलांना उभं करून भाषण दिलं होतं, आणि त्यात स्वतःच्या पिढीची उदाहरणं होती.

"एक फेरी मी तिच्याबरोबर मारते," त्या शेवटी म्हणाल्या. "नीट उतरली तर मी खाली उतरेन, ती एकटी जाईल."

भाची आली. दुसरी खुर्ची भरलेली दिसताच तिने मामाकडे पाहिलं आणि पट्टा बांधला.

मामा हँगरच्या दारात उभा राहिला. वारा बाजूने होता, फार नव्हता. विमान सुरेख उठलं, लांब वळसा घालून परत आलं, खाली आलं, चाकं टेकली. नाक उजवीकडे वळलं. थोडंसं, पण वळलं. मामाने दाराची कडी घट्ट धरली. मग नाक सरळ झालं आणि विमान धावपट्टीच्या कडेकडेने चालत थांबलं.

दुसरी फेरी झाली नाही. मॅडम उतरल्या, भाची उतरली, आणि विमान बांधून ठेवण्यात आलं.

भाची मामाच्या समोर येऊन थांबली. ती रडत नव्हती; रडली असती तर मामाला काय करायचं ते ठाऊक होतं.

"मी सरळ करत होते," ती म्हणाली. "माझा पाय निघाला होता. मॅडमनी त्याआधीच त्यांच्या बाजूच्या पेडलावर त्यांचा घातला."

"अगं..."

"तू त्यांच्या डोक्यात भरवून ठेवलंस. त्या वाटच बघत होत्या."

ती गेल्यावर मामा मॅडमना शोधत गेला. मॅडम वर्गात एकट्याच बसल्या होत्या. मामाने विचारलं, तिने सावरलं असतं का? मॅडम म्हणाल्या, मी थांबले असते तर कळलं असतं. मी थांबले नाही. मामाने विचारलं, मी सांगितलं नसतं तर तुम्ही थांबला असता? मॅडमनी काळा चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

"कदाचित," त्या म्हणाल्या. "एरवी मी जरा थांबते."

पुढचं सगळं शाळेच्या रीतीने झालं. मुलांच्या यंत्रावरच्या तासांवर मॅडम सह्या करीनात, तेव्हा कॅप्टननी परिपत्रक काढलं, की यंत्र आता अधिक अचूक करण्यात आलं असून त्याचा लाभ सर्वांना मिळावा म्हणून सर्वांनी यंत्रावरचा सराव पहिल्यापासून करावा. गुडघ्याचा उल्लेख त्यात नव्हता. फळ्यावर कुणीतरी लिहिलं, मामाने सगळ्यांना मामा बनवलं. ते पुसायचं काम मामाकडेच आलं. बॅचला सराव वाढला एवढंच. तिसऱ्यांदा थांबलेली मात्र एकटी भाची होती, आणि तो नियम परिपत्रकाने बदलला नाही. ती खालच्या बॅचमध्ये गेली. ताई म्हणाली, दोघंही माझीच, मी कुणाची बाजू घेऊ? आणि पोरीचं ताट घेऊन तिच्या खोलीत गेली.

घरात भाची मामाशी बोलेनाशी झाली. बोलणं टाळायला ती फार कष्ट घेत नसे. मामा एका खोलीत आला की ती दुसऱ्या खोलीत काही आणायला जाई आणि ते तिला बराच वेळ सापडत नसे. शाळेत मात्र यंत्राची पाळी लावून घ्यायची तर मामाच्याच खोलीत यावं लागे. ती येई, बाकीची मुलं गेल्यावर. खुर्चीत बसे, पाय मागे ओढून पेडलांवर ठेवी, आणि मामा शेजारच्या संगणकापाशी उभा राही.

पडद्यावर धावपट्टी वर येऊ लागे. चाकं टेकत. मामाला बघवत नसे आणि नजरही काढता येत नसे. कधी विमान सरळ जाई, अगदी रेघेवरून. मग मामाला वाटे, त्या दिवशीही गेलं असतं. आणि कधी पाय नकळत पुढे सरके, नाक वळे, तिन्ही पडदे हिरवे होत. मग तो सुटल्यासारखा श्वास सोडी, आणि सोडल्याबरोबर त्याला स्वतःची लाज वाटे. तिला तो श्वास ऐकू जात असावा. ती मान वळवत नसे.

विमान गवतात उभं राही. ते उचलून पुन्हा आकाशात, धावपट्टीच्या अलीकडे नेऊन ठेवायचं बटण मामाच्या हाताशी होतं.

"परत," ती म्हणे.

मामा बटण दाबी.