उजवी मूठ

"आज चढावर पुन्हा फिरली, बाबा. गाडी जागच्या जागी रडायला लागली, आणि मागून ट्रक!"

हेल्मेट काढायच्या आधीच तिनं हे सांगून टाकलं. मिस्त्री पोस्टमनच्या गाडीचा पुढचा ब्रेक जुळवत उकिडवे बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुठली?"

"उजवी. रेसची."

"सुया टोचून टोचून हात दांडगे झालेत तुझे. मूठ पिळतेस की मोसंबं?"

एरवी ती हसली असती आणि उलट काहीतरी बोललीही असती. आज तिनं नुसती मूठ फिरवून दाखवली, तेव्हा मिस्त्री पाना खाली ठेवून उठले.

ती नर्स होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन इंजेक्शनं द्यायची, जखमा बांधायची. सकाळच्या थंडीत गाडी चालवून तिची बोटं अशी आखडत, की रोग्याला शिवण्याआधी हात काखेत धरून बसावं लागे. म्हणून यंदा मिस्त्रींनी तिच्या गाडीला गरम होणाऱ्या मुठी बसवल्या होत्या. त्यांच्या रबरात बारीक तारा असतात, वीज सोडली की मूठ तापते. डावी मूठ नुसती धरायची असते. ती सैल झाली तर फार तर चिडचिड होते. उजवीचं तसं नाही. ती एका नळीवर चिकटवलेली असते, आणि ती नळी फिरली तरच गाडीला वेग येतो. मूठ नळीला सोडून एकटीच फिरू लागली, की माणूस मनगट पिळत राहतो आणि गाडी काही ऐकत नाही. बसवल्यापासून हे दुसऱ्यांदा झालं होतं.

मिस्त्रींनी मूठ ओढली. ती मोज्यासारखी अलगद निघाली. आतला गोंद चघळून टाकलेल्या च्युइंगमसारखा ताणला जात होता.

"बघ. वाळलाच नाही. भेसळ, दुसरं काय?"

"दोन्ही वेळेला भेसळ?"

"आजकाल खरं काय मिळतं ते सांग मला!"

त्यांनी नळी खरवडली, थिनरनं पुसली, नव्या ट्यूबमधला गोंद सगळीकडे सारखा लावला. वायर खालच्या बाजूला येईल, वळताना ओढली जाणार नाही, अशा बेतानं मूठ सरकवली. हे सगळं पाहताना तिला बरं वाटलं. बाबांच्या कामात घाई कधीच नसे. मग त्यांनी इंजिन सुरू केलं, मुठीचं बटण दाबलं आणि मूठ तळहातात धरून उभे राहिले.

"हे कशाला?"

"तापते का बघतो. नंतर कळलं की वायर तुटलीय, तर परत उपटत बसायची?"

ते वाट पाहत राहिले. मग बटण आणखी एकदा दाबून आच वाढवली. पुन्हा वाट पाहिली.

"गारच आहे अजून," ते पुटपुटले आणि त्यांनी आच शेवटपर्यंत नेली.

मुठीच्या कडेनं गोंद पातळ होऊन बाहेर येऊ लागला होता. तिनं हात पुढे करून मूठ धरली आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. चटका बसलाच होता.

"बाबा, सोडा! भाजतंय!"

मिस्त्रींनी हात काढला. तळवा लालभडक झाला होता. ते त्याच्याकडे दुसऱ्याच कुणाचा हात असावा तसे पाहत होते.

तिनं इंजिन बंद केलं. त्यांचा हात नळाखाली धरला. मग खिशातलं पेन काढून टोपणाच्या टोकानं त्यांच्या बोटांना एकेक करून टोचलं.

"लागतंय?"

"हो."

"डोळे मिटा. आता?"

"लागतंय ना."

या वेळी तिनं टोचलंच नव्हतं.

आवाज तिनं रोग्यांशी बोलताना ठेवते तसाच ठेवला. "कधीपासून आहे हे?"

"थंडीनं बधिर होतात. सगळ्यांचीच होतात."

"बाबा."

"उन्हाळ्यापासून," मिस्त्री म्हणाले.

मागच्या दोन्ही वेळी त्यांनी असंच केलं होतं. गोंद ओला असताना आच वाढवत नेली होती, आणि तो कधी धरलाच नव्हता. हे तिला मिस्त्रींना सांगावं लागलं नाही. ते खाली बसले, आणि थिनरचा डबा तिच्याकडे सरकवला.

"तू लाव. मी सांगतो. आणि उद्यापर्यंत मूठ तापवायची नाही."

तिनं मूठ काढून नळी पुसली आणि गोंद लावला. कडेला थोडा ओघळला, तर "पोळीला तूप नाही लावत आहेस" एवढं ते बोलले. मग हात धुऊन ती बसनं कामाला गेली. जाताना म्हणाली, "संध्याकाळी माझ्याबरोबर डॉक्टरकडे. सबब चालणार नाही."

मिस्त्री पोस्टमनच्या गाडीपाशी आले. ब्रेक ते कधी मोजून जुळवत नसत. दांडी दोन बोटांनी दाबायची, आणि कुठे पकडतो ते बोटांनी सांगायचं. त्यांनी दांडी दाबली. बोटं म्हणाली, बरोबर आहे. त्यांनी पुन्हा दाबली. बोटं पुन्हा तेच म्हणाली.

एवढ्यात पोस्टमन आला. "झाली का? तुमच्याकडे गाडी टाकली म्हणजे बायको माहेरी धाडल्यासारखं आहे, परत कधी येईल नेम नाही!"

"झालीय. पण मी दिली म्हणून नेऊ नका. लांब्याला दाखवू."

"लांब्याला? मिस्त्री, तो तुमच्याच हाताखाली शिकला की!"

"चला तर खरं."

त्यांनी स्वतःच गाडी ढकलत नेली. लांब्याचं गॅरेज पुढच्याच वळणावर होतं. लांब्यानं ते थाटल्यापासून मिस्त्री तिथे कधी आले नव्हते, त्यामुळे त्यांना पाहताच तो हातातलं काम टाकून उठला आणि पँटला हात पुसत राहिला.

"बसा ना, मिस्त्री. काय आणलंत?"

"पुढचा ब्रेक. दाबून बघ आणि मला सांग."

"मी? तुम्ही जुळवलेला?"

"दाब."

लांब्यानं दांडी दाबली. ती थेट मुठीपर्यंत गेली, ब्रेक पकडलाच नाही. त्यानं एकदा मिस्त्रींच्या लाल तळव्याकडे पाहिलं.

"एकदम बरोबर आहे," तो म्हणाला. "तुमच्या हातचं काय बघायचं?"

"मी म्हटलंच होतं!" पोस्टमन म्हणाला.

लांब्या पोस्टमनला घरच्या मंडळींबद्दल, बदलीबद्दल काहीबाही विचारू लागला. बोलता बोलता तो चाकापाशी वाकला. त्याचा डावा हात ब्रेकची तार आवळायच्या नटवर गेला आणि सावकाश फिरू लागला.

मिस्त्रींची नजर अजून चांगली होती. त्यांनी तोंड रस्त्याकडे वळवलं आणि लांब्याचं काम उरकेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या पाहत उभे राहिले.