पुठ्ठ्याचं इंजिन

तंजावूरच्या एका पॉलिटेक्निकात विनुताबाईंनी चोवीस वर्षं डिझेल इंजिन शिकवलं होतं, पण ‘आम्हांला एखादं निवडून द्या’ असं त्यांना कुणी कधी म्हटलं नव्हतं. घरच्या स्कूटरचं काही निघालं तरी त्यांचे यजमान गिरीशराव कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला विचारून यायचे. त्यामुळे सुंदर हा जुना विद्यार्थी दारात उभा राहून “मॅडम, दोन इंजिनं घ्यायची आहेत, कोणती घेऊ?” म्हणाला, तेव्हा त्यांनी पुढ्यातल्या उत्तरपत्रिका आधी बाजूला सारल्या आणि मग त्याला खुर्ची दाखवली.

सुंदरची मल्लिपट्टिणमला एक बोट होती. गळ टाकून मासे धरायची हौस असलेल्या मंडळींना तो तिच्यातून खोल पाण्यात न्यायचा. बोट बत्तीस फुटी, तीस वर्षं जुनी, पोटात दोन डिझेल इंजिनं. दोन्ही आता काळा धूर ओकत होती.

“विक्रेते म्हणतात, तीनशे अश्वशक्तीची घ्या. आताची दोनशे दहाची आहेत. मलाही मोठीच हवीत.”

“आणि बोट चालवतं कोण?”

“सुब्रमण्यम अण्णा. ते म्हणतात, हीच उघडून दुरुस्त करा, नवी आणलीत तर मी घरी बसतो.”

“ही थकली कशानं?”

सुंदर हसला. “म्हातारी झाली, मॅडम.”

हे उत्तर विनुताबाईंना काही पटेना. म्हातारपण हे कारण त्यांनी परीक्षेत कुणाला लिहू दिलं नसतं.

रविवारी त्या ओरत्तनाडु, पट्टुकोट्टै करत मल्लिपट्टिणमला गेल्या. समुद्रावर जायची त्यांची ही पहिलीच वेळ. सुब्रमण्यम साठीचा, काटक माणूस. त्याने त्यांच्या हातात एक लिंबू ठेवलं आणि “मळमळलं तर हुंगा” एवढंच बोलला. बोट खुल्या समुद्रात आल्यावर त्यांनी त्याला दोन्ही इंजिनं पूर्ण जोराने सोडायला लावली. काटा मिनिटाला तेवीसशे फेऱ्यांवर गेला आणि तिथेच अडला. इंजिनाच्या पाटीवर अठ्ठावीसशे लिहिलेलं होतं. विनुताबाई लिंबू नाकाशी धरून वहीत आकडे मांडू लागल्या, तोंडाने पुटपुटत.

“ही कुठली भाषा?” सुब्रमण्यमने विचारलं.

“मराठी. आमच्या घरातली. हिशेब मला तमिळमध्ये जमत नाही.” मग त्यांनी मान वर केली. “अण्णा, काटा असा कधीपासून अडतोय?”

त्याने दोन्ही इंजिनांचे दांडे मागे घेऊन वेग कमी केला. मग म्हणाला, “बोटीखालचे पंखे बदलले तेव्हापासून. आठ वर्षं झाली. खडकावर आपटून एक तुटला. त्या मापाचा मिळेना, म्हणून ट्रॉलरवाल्याकडची मोठी जोडी घातली.”

विनुताबाईंना मळमळ, लिंबू सगळ्याचा विसर पडला. मोठे पंखे पाणी ढकलायला जड. इंजिन जीव तोडून ओढतं, पण त्याला हव्या तेवढ्या फेऱ्या घेता येत नाहीत. आठ वर्षं दोन्ही इंजिनं चढावर चुकीच्या गिअरमध्ये असल्यासारखी कण्हत होती.

“मग पंखेच बदलू या आधी,” त्या म्हणाल्या. “इंजिनाचं नंतर बघू.”

सुंदरला हे फारसं रुचलं नाही, पण त्याने नागपट्टिणमहून योग्य मापाचे पंखे आणवले. त्याच जुन्या इंजिनांवर काटा साडेसव्वीसशेला पोचला. सुब्रमण्यमचा चेहरा उजळला. “बघा! नवी कशाला हवीत?”

विनुताबाईंनी कॉलेजातला दाबमापक आणला होता. त्यांनी एकेक सिलिंडर तपासला. डाव्या इंजिनाचे दोन सिलिंडर दाबच धरत नव्हते, जवळजवळ मेलेले होते; उजव्याचा एक. नुसता आकडा सांगून त्यांना पुढे जाववेना. मापक त्यांनी सुब्रमण्यमच्या हातात दिला आणि काटा त्यालाच वाचू दिला. त्याने तीनदा वाचला. मग इंजिनाच्या झाकणावर हात ठेवून म्हणाला, “मी ह्यांना इतकी वर्षं ओढायला लावलं.”

“तुम्हांला कुणी सांगितलंच नव्हतं,” त्या म्हणाल्या.

आता नवी इंजिनं घ्यायची हे ठरलं. सुंदरचं मन अजून तीनशेवरच होतं. विनुताबाईंनी वाद घातला नाही. कंपन्यांच्या नकाशांवरून त्यांनी मापं घेतली, फ्रिजच्या दुकानातून खोकी मागून आणली आणि अंगणात दोन इंजिनं कापून चिकटवली: एक तीनशेचं, एक दोनशे वीसचं. ऑइल फिल्टर, पाण्याचा पंप, पट्टा, सगळं जागच्या जागी, पुठ्ठ्याचं. गिरीशराव काफीचा तंबलर हातात घेऊन बघत राहिले, मग डिंकाची बाटली धरायला बसले.

बोटीतलं एक जुनं इंजिन बाहेर काढून त्या जागी आधी तीनशेचं पुठ्ठा-इंजिन उतरवलं. ते बसलं. सुंदर खूश झाला.

“आता फिल्टर बदल,” विनुताबाई म्हणाल्या.

सुंदर आडवा झाला, कुशीवर वळला, खांदा घुसवला. फिल्टर बोटीच्या भिंतीकडे होता आणि मध्ये वीतभरही जागा नव्हती. बोटं पोचेनात. “दुसरं उतरवा,” तो आतूनच म्हणाला.

दोनशे वीसच्या इंजिनाचा फिल्टर समोर होता. सुब्रमण्यमने उकिडवं बसून तो एका हाताने फिरवल्यासारखं केलं. मग पुठ्ठ्यावर बोट टेकवून विचारलं, “ह्याचा पंप बिघडला तर इथलं कुणी उघडू शकेल?”

“हो. ह्यात कॉम्प्युटर नाही. मोठ्यात आहे, त्याला लॅपटॉपवाला चेन्नईहून यावा लागेल.”

“मग हेच,” सुंदर म्हणाला. घरी बसायचं सुब्रमण्यमने पुन्हा काढलं नाही.

मासी महिन्यात, फाल्गुनाच्या सुमारास, नवी इंजिनं बसली. समुद्र तव्यासारखा सपाट होता. पाटीवर अठ्ठावीसशे, काट्यावर अठ्ठावीसशे दहा. धूर नाही. सुब्रमण्यम कान देऊन उभा होता. “आवाज ओळखीचा नाही,” तो म्हणाला, “पण निरोगी आहे.” मग तो बाजूला सरकला आणि त्याने सुकाणू विनुताबाईंपुढे मोकळं सोडलं.

“मला नाही येत.”

“सुकाणूला हात लावू नका. डावा दांडा पुढे, उजवा मागे.”

त्यांनी तसं केलं. एक पंखा पुढे ढकलत होता, दुसरा मागे, आणि एवढी मोठी बोट जागच्या जागी गोल फिरू लागली. किनारा, दीपस्तंभ, मोकळं पाणी, पुन्हा किनारा.

“उलट केलं तर उलट फिरेल?” त्यांनी विचारलं.

“करून बघा की,” सुब्रमण्यम म्हणाला.