सातव्या खणातली चिठ्ठी

मित्रांनो, माझ्या अंगात सोळा खण आहेत आणि त्यातल्या एकालाही दार नाही. मेपलच्या लाकडाचं, माणसाच्या छातीइतक्या उंचीचं मी एक कपाट आहे. आज मी एका शेडमध्ये भिंतीला टेकून उभा आहे आणि माझ्या कुशीवर कोणीतरी खडूने फुली मारली आहे. तिचा अर्थ मला ठाऊक आहे. म्हणूनच आज तुमच्याशी बोलावंसं वाटलं.

माझा जन्म १९७९ सालचा, हॅनकॉक गावातला. तिथे सुपीरियर सरोवरावरून बर्फ येतो आणि खिडक्या बुजवून टाकतो. तांब्याच्या खाणी तेव्हा बंद पडून बरीच वर्षं झाली होती. खाणीत सुतारकाम केलेल्या ऑस्करी कांगास नावाच्या म्हाताऱ्याने मला आपल्या मुलीसाठी बनवलं. तिचं नाव हेल्मी. आर्वो निस्कानेन या बांधकाम ठेकेदाराकडे ती अंदाजपत्रकं करत असे. कोणतीही इमारत उभी राहण्याआधी तिला किती खर्च येईल, ते ती कागदावर मांडायची.

सोळाच खण का, असं तुम्ही विचाराल. त्या काळी देशभर बांधकामाची सगळी कामं सोळा भागांत विभागलेली होती. तिसरा भाग काँक्रीटचा, चौथा विटा-दगडांचा, सहावा लाकडाचा, सातवा पाऊस आणि थंडी अडवणाऱ्या गोष्टींचा, सोळावा विजेचा. गाव कोणतंही असो, तिसरा म्हटलं की काँक्रीटच. त्यामुळे एखादी गोष्ट दोनदा मोजली जात नसे आणि एखादी राहूनही जात नसे. हेल्मीला जो दर कळेल, तो ती चिठ्ठीवर लिहायची, कोपऱ्यात वेळ टाकायची आणि चिठ्ठी त्या त्या खणात ठेवायची.

"रिकामा खण दिसला की मी थांबते," ती म्हणायची. "काय राहिलंय ते तोच सांगतो."

मला कचेरीत आणून ठेवलं त्या दिवशी ऑस्करीने माझ्या पाठीवर थाप मारून तिला बजावलं होतं, "लाकूड आहे पोरी. हिवाळ्यात हीटरपाशी आकसणार. दरवर्षी मागच्या फळीचे स्क्रू आवळत जा."

"तुम्ही आहात की, पप्पा!" ती हसून म्हणाली.

आणि तो खरोखरच दर ऑक्टोबरात यायचा. स्क्रू आवळायचा, मला जवसाचं तेल लावायचा, वेलदोड्याचा गोड पाव कॉफीत बुडवून खायचा आणि निघायचा. ते माझे सुखाचे दिवस होते. बाहेरगावचे ठेकेदार मला पाहायला येत. आर्वो अभिमानाने सांगे, "हे कपाट आणि ही हेल्मी. इतक्या वर्षांत एक खिळा चुकलेला नाही."

ऑस्करी गेला, तो १९८३ साली. त्यानंतर माझ्या पाठीकडे कोणी पाहिलं नाही. कोणाला दोष देऊ? समोरून मी चांगला दिसत होतो.

१९८६ च्या नोव्हेंबरात गावाने म्हाताऱ्या खाणकामगारांसाठी एक निवारा बांधायचं ठरवलं. तीस खोल्या, दोन मजले. त्यासाठी गावकरी चार वर्षं पैसा जमवत होते. चर्चच्या तळघरात मासे तळून विकले, गोधड्यांची सोडत काढली. निविदा उघडायची होती दुपारी दोन वाजता, समोरच्याच नगरभवनात.

त्या दिवशी सकाळपासून फोन थांबत नव्हता. रंगवाले, नळवाले, काचवाले शेवटच्या घटकेपर्यंत दर कमी करत होते. हेल्मीच्या मान-खांद्यामध्ये रिसीव्हर अडकलेला, एका हातात पेन, दुसऱ्या हातात चिठ्ठी. एक वाजून चाळीस मिनिटांनी छताखालच्या उबेच्या थराचा दर आला. एकतीस हजार डॉलर. तिने लिहिला, फोनवर वाचून दाखवला आणि चिठ्ठी न बघताच सातव्या खणात सरकवली.

मित्रांनो, माझी मागची फळी तेव्हा बोटाच्या पेराइतकी सुटली होती. ती चिठ्ठी खणात थांबली नाही. ती त्या फटीतून खाली घसरली आणि माझ्या पाठीत जाऊन बसली. मला ती जाणवत होती. पण मला तोंड नाही.

पावणेदोनला हेल्मीने सगळे खण रिकामे करून बेरीज मांडली. सातव्यात आणखी तीन चिठ्ठ्या होत्या, म्हणून तो खण रिकामा दिसला नाही. तरीही ती अडखळली.

"आर्वो, सातव्यात काहीतरी कमी वाटतंय."

"एखादा खण रिकामा आहे का?"

"नाही. पण आकडा हलका लागतोय. मला पाच मिनिटं दे."

"पाच मिनिटं? अगं, दहाच उरलीत! मला रस्ता ओलांडायचाय, बर्फात आपटलो तर तू उचलायला येणारेस का? दे इकडे."

त्याने लिफाफा तिच्या हातातून घेतला आणि टोपी न घालताच धावला. मी जिवाच्या आकांताने माझ्यातली चिठ्ठी पुढे ढकलू पाहत होतो. लाकूड किती हलणार?

अडीच वाजता तो नाचत परतला. काम मिळालं होतं. "दुसऱ्यापेक्षा चव्वेचाळीस हजारांनी खाली!" तो ओरडला. कामगार टाळ्या वाजवू लागले. हेल्मी मात्र खुर्चीतून उठली नाही.

"चव्वेचाळीस?" ती हळूच म्हणाली. "इतकं खाली आपण कसे गेलो?"

संध्याकाळपर्यंत तिला उत्तर सापडलं. उबेचा थर कुठेच धरलेला नव्हता. तिने पुरवठादाराला फोन केला. तो म्हणाला, "बाई, मी सांगितला होता. तुम्ही मला वाचूनसुद्धा दाखवलात." मग तिने कचऱ्याची टोपली उलटी केली, टेबलाखाली रांगली, माझे सोळाच्या सोळा खण चाचपले. तिची बोटं चिठ्ठीपासून फळीच्या जाडीइतकीच दूर होती.

वकिलाने सांगितलं, निविदा विनादंड मागे घेता येईल, पण लिहिण्यात चूक झाल्याचा कागद दाखवावा लागेल. मुदत तीन दिवस. त्या तीन दिवसांत हेल्मी एकच वाक्य म्हणत राहिली, "मी लिहिलं होतं."

तिसऱ्या दिवशी आर्वोचा तोल सुटला. "लिहिलं होतंस तर गेलं कुठे? पाय फुटले कागदाला? नसशील लिहिलं, हेल्मी. माणूस दमतो. कबूल करून टाक, मोकळी होशील."

दोघं एकाच शाळेत शिकलेली, एकाच आळीत वाढलेली. तिने कोट चढवला आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली, पण गप्प झाली होती.

आर्वोने काम पूर्ण केलं, हे मात्र मला सांगायलाच हवं. मुकादम म्हणाला, "थर अर्ध्या जाडीचा टाकू, कोणाला कळतंय?" त्यावर हेल्मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली, "त्या म्हाताऱ्यांच्या हाडांना कळेल." आर्वो म्हणाला, "पूर्ण जाडीचा टाका." त्यासाठी त्याने आपली एकुलती क्रेन विकली. चार माणसं कमी केली. पुढच्या सप्टेंबरात निवारा उघडला आणि त्याच महिन्यात हेल्मीने ग्रीन बे शहरात भावाकडे जाऊन दुसरी नोकरी धरली.

१९८८ च्या जूनमध्ये कचेरी लहान जागेत हलवताना दोन माणसांनी मला तिरकं केलं. मागची फळी निसटली आणि चिठ्ठी जमिनीवर पडली. आर्वोने ती उचलली. उभ्या उभ्या वाचली. मग खोक्यावर बसून पुन्हा वाचली.

उन्हाळ्याच्या सणाला हेल्मी गावी आली तेव्हा त्याने तिला बोलावून घेतलं. ती माझ्यासमोर उभी होती. केस कापलेले, जरा बारीक झालेली.

"सापडली," तो म्हणाला. "ह्याच्या पाठीत होती. एक चाळीस, तुझंच अक्षर."

तिने चिठ्ठी हातात घेतली नाही. लांबूनच पाहिली. "पप्पांनी स्क्रू आवळायला सांगितलं होतं. ते मीच विसरले. चूक माझीही आहेच."

"परत ये, हेल्मी. मी चुकलो. पाहिजे तर चौकात उभा राहून सांगतो."

"चौकात नको सांगूस, लोकांना तुझा आवाज सहन होत नाही." ती किंचित हसली आणि लगेच थांबली. "एकतीस हजारांचं मला काही वाटत नाही, आर्वो. तेवढे मी जन्मभर फेडले असते. पण तू मला म्हणालास, लिहिलं नसशील. ते ऐकल्यावर मला स्वतःचीच शंका यायला लागली. दीड वर्षं मी रोज झोपताना विचार करत होते, खरंच लिहिलं होतं का मी?"

तिने माझ्या वरच्या कडेवर क्षणभर हात ठेवला, तिच्या वडिलांनी गुळगुळीत केलेल्या कडेवर, आणि ती गेली. पुन्हा कधी आली नाही.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. २००४ साली जुने सोळा भाग जाऊन नवे पन्नास भाग आले. आर्वोची पुतणी ते संगणकावर सांभाळू लागली. मला शेडमध्ये ठेवलं, माझ्यावर रंगाचे डबे आले. गेल्या वर्षी शेड विकली गेली. नव्या मालकाला सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, भट्टीसाठी सुकं लाकूड हवं आहे. खडूची फुली त्याचीच.

मला वाचवा, असं मी म्हणणार नाही. मेपलचं लाकूड चांगलं जळतं, त्या उबेत कोणीतरी पाठ शेकेल. पण मित्रांनो, तुमच्या भोवती कोणी मन लावून काम करणारं माणूस असेल आणि ते म्हणालं, "काहीतरी कमी वाटतंय," तर त्याला पाच मिनिटं द्या. वस्तूंची पाठही अधूनमधून बघत जा. आणि कोणी म्हणालं, "मी लिहिलं होतं," आणि तुम्हाला ते माणूस खरं वाटत असेल, तर तसं मोठ्याने बोला. मी तिथेच होतो, मला सगळं माहीत होतं आणि मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.