पाठमोरी माणसं

समजा, तुम्ही एका फळीवर उभे आहात. फळी पाण्यावर आहे, त्यामुळे ती पायांखाली सारखी डुलते आहे. फळीला एक शीड लावलंय, त्याचा दांडा तुमच्या हातात आहे, आणि वारा तर असा की शिडासकट तुम्हालाच उचलून नेईल. थोडं मागे रेला. गुडघे वाकवा. हां, असं. आता शेजारी बघा. ती दात-ओठ खाऊन दांडा धरून उभी आहे ना, तिला सगळे भिंगरी म्हणतात. पाण्यात पडण्याआधी ती स्वतःभोवती एक गिरकी घेतेच घेते, म्हणून.

भिंगरीला त्या दिवशी एकच गोष्ट हवी होती. जिथून निघाली तिथेच परत यायचं, आणि तेही फळीवरून.

आजवर ते तिला एकदाही जमलं नव्हतं. दर वेळी वारा तिला ढकलत ढकलत पार खालच्या दगडी धक्क्यापाशी नेऊन सोडायचा. मग फळी ओढत, वाळू तुडवत, सगळ्यांच्या देखत चालत यायचं. किनाऱ्यावर त्याला 'फेरफटका' म्हणत. "काय, झाला का फेरफटका?" असं बेकरीवाले काका हमखास विचारायचे. वारा सुटला की काका दुपारीच दुकानाला कुलूप लावून इथे हजर. दातांच्या डॉक्टरीणबाईही यायच्या. भिंगरीची आत्या तर सगळ्यांच्या फाटक्या शिडांना टाके घालून द्यायची, तिची शिलाई मशीन गाडीच्या मागच्या दारातच मांडलेली असायची. आणि भिंगरीचे बाबा? ते रोज एवढी मोठी बस चालवत, पण या फळीपुढे त्यांनी हात टेकले होते. फेरफटके त्यांचेच जास्त.

"दादा, इथे स्टिअरिंग नाहीये हं," आत्या म्हणाली.

"ब्रेक कुठाय तेवढं सांग," बाबा म्हणाले आणि भिंगरीच्या मागोमाग पाण्यात उतरले.

जाताना सगळं झकास झालं. खरी गोम परतताना होती. भिंगरी वळली तेव्हा किनाऱ्यावरची ज्या शेडपासून ती निघाली होती, ती बरीच वर राहिली होती, आणि वारा नेमका तिकडूनच येत होता. आत्याने तिला हे शंभरदा सांगितलं होतं, "वाऱ्याच्या तोंडात शिरू नकोस, तो वाट देणार नाही. आधी पुन्हा लांब जा, मग वळ." पण शेडपाशी सगळे उभे दिसत असताना उलट दिशेला जायला मन होतं का? तिने फळीचं टोक सरळ त्यांच्याकडेच केलं.

"गुडघे!" डॉक्टरीणबाई ओरडल्या.

"हात सरळ! सरळ!" बेकरीवाले काका.

"मागे रेल गं!" आणखी कुणीतरी.

भिंगरीने सगळ्यांचं ऐकलं. शीड फडफडलं, फळी जागच्या जागी थांबली, एक गिरकी झाली आणि ती धपकन पाण्यात.

नाकातोंडातलं पाणी काढत ती फळीवर चढली. दोरीने शीड वर ओढलं आणि किनाऱ्याकडे पाहिलं. तिकडे सगळ्यांनी पाठ फिरवली होती. काका, डॉक्टरीणबाई, आत्यासुद्धा. ओळीने नुसत्या पाठी.

'कंटाळले मला,' तिला वाटलं. 'नका बघू. माझं काही अडत नाही.'

पाठींकडे किती वेळ बघणार? तिने मान वळवली. वरच्या अंगाला, खूप लांब, पाण्यावर एक पिवळा पिंप तरंगत होता. तिने नजर त्याच्यावर रोवली आणि किनाऱ्यापासून दूर, त्याच्या रोखाने निघाली. आता कुणी ओरडत नव्हतं, फळीखाली पाणी तेवढं चुळुकचुळुक करत होतं. बरीच लांब गेल्यावर ती सावकाश वळली. शेड आता वर नव्हती, बरोबर समोर होती. मग शीड गच्च भरलं आणि फळी सुसाट सुटली.

वाळूला फळी घासली. तरी कुणी वळलं नाही.

"आत्या," ती फुरंगटून म्हणाली, "मी आलेय."

"ठाऊक आहे. वळताना दोनदा पायांकडे पाहिलंस."

"तुला काय माहीत? तू तर पाठ करून उभी होतीस!"

आत्याने बोट दाखवलं. समोर तिची गाडी उभी होती, आणि गाडीच्या बाजूच्या आरशाला सगळे गुळावरच्या माश्यांसारखे चिकटले होते.

"माझी तर मान अवघडली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पहिल्यांदा परत येणाऱ्याकडे इथे कुणी तोंड करून उभं राहत नाही," आत्या म्हणाली. "आमची तोंडं दिसली की तुम्ही सरळ आमच्याकडेच येता. शिवाय तोंडं आहेत म्हटल्यावर ती गप्प थोडीच बसतात? आज विसरलोच होतो. तू पडलीस तेव्हा आठवण झाली."

"आता बसड्रायव्हर," काका आरशातून म्हणाले.

भिंगरीने वळून पाहिलं. खाली धक्क्याच्या बाजूला बाबा होते. त्यांनी फळीचं टोक सरळ शेडकडे केलं होतं, शीड फडफडत होतं, आणि ते तिच्याकडेच पाहत होते. तिने दोन्ही हात तोंडाशी नेले, छातीत भरपूर हवा भरून घेतली. "बाबा, वळ!" अगदी ओठांपर्यंत आलं होतं.

पण तिने हात खाली घेतले, पाण्याकडे पाठ केली आणि टाचा उंचावून, काकांच्या कोपराखालून, आरशात डोकं घुसवलं.