दाराजवळची रांग

"हे वाचा," म्हणत बांधकाम कचेरीतल्या कारकून रंगनाथबाबूंनी फाईल टेबलावरून महारुद्रकडे फिरवली आणि स्वतः खिडकीबाहेर बघू लागले.

गावच्या शाळेच्या नव्या स्लॅबविरुद्ध महारुद्रनेच केलेली तक्रार होती, नावगाव-सहीसकट. वर मोठ्या साहेबांचा शेरा: चौकशी करून अहवाल द्यावा. आणि ती धाडली होती कुणाकडे, तर तक्रारीत ज्याचं नाव होतं त्या इंजिनिअरकडेच. चोराच्या हाती किल्ल्या द्याव्यात तशी.

"नाव गुप्त ठिवा म्हनून लिवलं होतं मी."

"ते नोकरदाराला असतंय, महारुद्रराव. तुमी कुठं हजेरीपटावर हाईत? बाहेरचे, वर्षाच्या करारावरचे. करार पुढं चालवला न्हाई की खेळ खलास. तक्रार कुनाकडं करनार?"

सतरा वर्षं महारुद्र सरकारी बांधकामांवर जाऊन ओल्या काँक्रीटचे ठोकळे साच्यात भरत आला होता. अठ्ठावीस दिवस ते पाण्यात ठेवायचे, मशीनखाली फोडायचे, आकडा लिहायचा. या शाळेवर ठेकेदाराने ठोकळ्यांसाठी वेगळा माल कालवला, सिमेंट सढळ हाताने टाकून. वर स्लॅबवर गेला तो निराळाच. महारुद्रने त्या मालाचेही दोन साचे गुपचूप भरले. एक फोडला, तर निम्मासुद्धा दाब सोसेना. दुसरा त्याने आत्ता पिशवीतून काढून टेबलावर ठेवला होता.

"ते उचला आधी, कागद मळायलेत," रंगनाथबाबू म्हणाले. मग आवाज उतरवून त्यांनी एक टाईप केलेला कागद पुढे सरकवला. "गैरसमजातून तक्रार झाली, एवढंच लिवलंय. सही करा. साहेब करार चालवतेत."

सही करावी असं महारुद्रला फार वाटलं. घर त्या करारावर चालत होतं. त्याने पेन हातात घेतलं, थोडा वेळ धरलं आणि परत ठेवलं. मग ठोकळा पिशवीत घालून तो बसस्थानकाकडे चालू लागला.

घरी मनकर्णा भाकरी थापत होती. नवऱ्याचं तोंड पाहूनच ती समजली.

"तक्रार मागं घ्या म्हनले असतील. घेतली न्हाईत न?"

"न्हाई."

"सोमवारी नव्या खोल्यांत वर्ग भरायलेत. हेडमास्तरांला बोललात का?"

"बोललो. लेखी आदेश आना म्हनले. जुन्या खोल्या तर पाडल्यात."

ओसरीवर सहावीतली निकिता नव्या वर्गासाठी वह्यांना कव्हरं घालत बसली होती. महारुद्र तिच्याशेजारी टेकला. पिशवीतल्या ठोकळ्याच्या कोपऱ्यावरून त्याने अंगठा फिरवला, तर तळहातावर वाळू आली.

"निकिता, नव्या वर्गात दाराजवळच्या रांगेत बस."

"पंखा मधी हाय, अप्पा."

"असू दे. तू दाराजवळच बस."

पोरीने बापाकडे नीट पाहिलं. मनकर्णाचा हात परातीत थांबला.

"मैतरनींलाबी सांगू का?" निकिताने विचारलं.

दाराजवळ एकच रांग होती.