सायलेन्सरवाल्या मामांची जागा

"मामा, कान गेलेला माणूस सायलेन्सर दुरुस्त करतो, हे गिऱ्हाइकाला कुठल्या तोंडाने सांगू?" मामांच्या नाकासमोर तोंड आणून जावईबापू ओरडले. "उद्यापासून घरी आराम करा!"

जावईबापू म्हणजे गॅरेजमालकाचे. मालकांनी मुलीबरोबर गॅरेजही देऊन टाकलं होतं. मामांनी तिथे एकतीस वर्षं सायलेन्सर जोडले. त्यातच कान गेले. "यांचे कान गेले आणि माझं तोंड मोकळं झालं," असं मामी चारचौघांत सांगत.

"आणि ती शाळेची व्हॅन?" मामांनी विचारलं.

"ती मीच केली. यंत्र लावून आवाज मोजला. मांजरासारखी गेली!"

तेवढ्यात ते मांजर दोन मास्तर ढकलत घेऊन आले. चढावर त्याने मान टाकली होती.

मामांनी इंजिन चालू करायला लावलं आणि नळीच्या तोंडापासून वीतभर लांब तळवा धरला. धुराचे ठोके ते तळव्यावर मोजत. कान शाबूत होते तेव्हाही तळव्यालाच विचारत.

"श्वास कोंडलाय हिचा. आत काय कोंबलंत?"

जावईबापू आपल्या यंत्राकडे बघू लागले.

मामांनी सायलेन्सर कापला. भोकाभोकांच्या नळ्या, कप्पे, सगळीकडे आवाज शोषणारी काचेची लोकर ठासलेली. ती उपसत मामा म्हणाले, "आवाजाचा गळा दाबला की इंजिनाचाही दाबला जातो. गॅसला वाट हवी. तो भोकांतून कप्प्यात येतो, पसरतो, निवतो. आवाज भिंतीवर आपटून परत फिरतो आणि मागून येणाऱ्या आवाजाशीच भिडतो. दोघं एकमेकांना संपवतात. आपण मध्ये पडायचं नाही."

"आमच्या शिक्षकांच्या खोलीत असंच चालतं," एक मास्तर गंभीरपणे म्हणाले.

वेल्डिंग झालं. व्हॅन चढ चढून गेली, तीही गुपचूप.

"बरं, राहा तुम्ही," जावईबापू म्हणाले. "पण मागच्या खोलीत बसा. गिऱ्हाइकांसमोर नको."

मामांनी ते ओठांवरून अक्षर न् अक्षर वाचलं.

"मी काय चोरीचा माल आहे, लपवायला?"

त्यांनी स्टूल उचललं, गॅरेजच्या दारात मधोमध ठेवलं आणि जेवणाचा डबा उघडला.

जरा वेळाने जावईबापू बाहेर लावलेली गाडी आत घ्यायला निघाले. हॉर्न जोरात वाजत असावा. समोरच्या फुटपाथवरची माणसं वळून बघत होती. मामांनी काचेआडच्या जावईबापूंकडे सरळ पाहिलं, पाय आणखी थोडे पसरले आणि घास चावत राहिले.

शेवटी गाडी मागे गेली आणि रस्त्याच्या कडेला उन्हात उभी राहिली.