तिसरा पुकारा

"झोपलाय म्हातारा," टायपिस्ट कुजबुजली. "तिसराही हळूच पुकार आणि मोकळी हो."

सुनावणीच्या खोलीबाहेर नावं पुकारणं हे भोंगाबाईचं काम. तीनदा पुकारूनही माणूस आला नाही, तर त्याच्या माघारी निकाल. तिचा आवाज असा, की समोरच्या इमारतीतलेही दचकून उठावेत. नाव पडलं ते त्यावरूनच. आज मात्र दोन पुकारे तिने ओठातल्या ओठात उरकले होते.

बाकावर मान टाकून घोरत होते ते याच कचेरीतले जुने साहेब. खुर्चीवर असताना त्यांनी तिच्या दादाचं सायकलदुरुस्तीचं दुकान पाडायला लावलं होतं. दादा दिवसभर बाहेर ताटकळत बसलेला. साहेबांनी दार लावून आतल्या आत त्याचं नाव पुकारलं आणि 'गैरहजर' असा शेरा मारला. तेव्हापासून ती डूख धरून होती. आता साहेबांच्याच घराचा वरचा मजला बेकायदा ठरला होता.

"काय गं, थांबलीस का? उरक की," टायपिस्टने डिवचलं.

भोंगाबाईने म्हाताऱ्याच्या उघड्या तोंडाकडे पाहिलं. झोपेत मजला गेला तर याला कळणार काय, कप्पाळ? नाही. डोळे उघडे ठेवून हरू दे. तोंडावर ऐकू दे.

तिसरा पुकारा असा झाला, की साहेब ताडकन उठून भलत्याच दारात शिरले.

"वेड लागलं का तुला?"

"लागू दे. आत जाऊन नाक घासू दे त्याला."

पण आत सुनावणी घेणाऱ्या मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. साहेबांनी मंजूर नकाशा काढून दाखवला. नोटिशीला शेजारच्या घराचा नकाशा जोडला गेला होता. नोटीस रद्द!

साहेब हात जोडत बाहेर आले. "बाई, देवासारख्या धावलात!"

"देव कसली? सायकलवाल्याची बहीण मी."

"कुठला सायकलवाला?" म्हणत ते जिना उतरून गेले.

घरी येताच तिने पिशवी आपटली. "जिंकला मेला! माझ्याच आवाजाने जिंकला!"

दादा भडकेल असं तिला वाटलं होतं. त्याने विचारलं, "त्याचं ऐकून घेतलं?"

"सगळं."

"बसायला दिलं?"

"दिलं."

"आणि तो बोलत असताना... मॅडम त्याच्याकडे बघत होत्या?"

"हो, दादा."

दादाने शर्टाचं वरचं बटण लावलं आणि सुनावणीला बसावं तसा ताठ बसून राहिला.